रोबो व्हॅक्यूम मेला म्हणून बॅटरी घ्यायला पळू नका, आधी त्याचा स्विच बघा

आमच्या इंदिरानगरच्या घरात समोरच्या बांधकामाची धूळ दिवसभर येते म्हणून रोबो घेतला, आणि दीडेक वर्षात गडी आडवा. डॉकवर, म्हणजे त्याच्या चार्जिंगच्या स्टँडवर, ठेवला तरी लाइट नाही. सर्व्हिसवाल्याने न उघडताच सांगितलं, बॅटरी गेली, बोर्डही बदलावा लागेल. निघालं काय, तर मिसळीच्या प्लेटपेक्षा स्वस्त स्विच.

गोची अशी की बऱ्याच मॉडेल्समध्ये हा मेन स्विच बॅटरीच्या वायरमध्येच असतो, त्यामुळे तो आतून खराब झाला की चार्जिंगपण होत नाही आणि सगळ्यांना वाटतं बॅटरीच मेली.

आधी डॉकच्या आणि रोबोच्या चार्जिंगच्या पत्र्या सुक्या कपड्याने पुसून बघा, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर रोबो उलटा करा, स्विच बंद करा, बॅटरीचं झाकण उघडून बॅटरी काढा. ती फुगलेली दिसली तर पुढे काही करू नका, बदलायलाच घ्या. चांगली दिसली तर मल्टिमीटर (व्होल्ट-ओहम मोजायचा मीटर) डीसी व्होल्टवर ठेवून मोजा. लेबलवर १४.४ व्होल्ट असेल तर पूर्ण चार्जला साधारण १६.८ दिसतात. चौदा-पंधरा आले तरी बॅटरी बिचारी बहुधा निर्दोष आहे, आणि मीटरच्या दोन सुया एकमेकींना लागू देऊ नका, लिथियमची बॅटरी शॉर्ट झाली तर पेट घेऊ शकते.

आता खालचे स्क्रू काढा, लांब-आखूड वेगवेगळे असतात म्हणून मी चिवड्याच्या डब्याच्या झाकणात त्याच क्रमाने ठेवतो. वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, मग स्विचचं कनेक्टर सोडवून मीटर बीपवर (जोड सलग असेल तर वाजतो ती सेटिंग) लावा. स्विच चालूवर केला की बीप वाजायला हवा, बंदवर नाही. माझा वाजायचा, पण बोटाने जरा दाबल्यावरच, आणि ओहमवर लावलं तर आकडा दोनपासून तीसपर्यंत नाचत होता. चांगल्या स्विचला तो शून्याच्या आसपास स्थिर राहतो. एक ओहमसुद्धा मोठा, मोटर दोन अँपियर ओढायला लागली की तिथेच दोन व्होल्ट खाल्ले जातात. एसी करंट प्रत्येक सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत तसं होत नाही, म्हणून आतल्या पत्र्या जळून कार्बन धरतात, वरून आपली धूळ आहेच.

आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून वीस-तीसदा खटखट करून बघा, तात्पुरतं चालतं, पण मी म्हणतो बदलूनच टाका. जुना स्विच सोबत घेऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा, नुसतं 'छोटा रॉकर (दोन्हीकडे कलणारा स्विच) द्या' म्हणालात तर हमखास चुकीचा येतो. स्विच बसतो त्या खाचेचं माप महत्त्वाचं, १९ बाय १३ मिलीमीटरवाला आणि त्याहून छोटा दोन्ही सारखेच दिसतात. अँपियरचा आकडा जुन्याइतका किंवा जास्त घ्या.

वायर सोल्डर करायच्या आधी हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसते ती) वायरीत घालून घ्या, मी विसरलो आणि परत काढावं लागलं. सोल्डरचा डाग गुळगुळीत यायला हवा, ओबडधोबड गोळा झाला तर परत तापवा. स्विच काढून वायरी थेट जोडायचा जुगाड नको, मग अडचणीत रोबो बंद कशाने करणार.

बॅटरी लावा, स्विच चालू करा, डॉकवर ठेवा, लाइट आला की झालं, पहिलं चार्जिंग मात्र आपण घरात असतानाच करा. आणि झाकण बसवताना साइड ब्रशची वायर खाली चेपत नाही ना बघा, माझी चेपली होती, ब्रश फिरेना म्हणून सगळे स्क्रू परत चिवड्याच्या झाकणात.