पायात वांब येतात? मॅग्नेशियमची गोळी घेण्याआधी हे करा

रात्री पोटरीत वांब आला की हल्ली लगेच कुणीतरी मॅग्नेशियमची गोळी सुचवतं. कृपा करून घाई करू नका. उतारवयातल्या साध्या वांबांवर या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. आणि कमतरता खरंच असेल, तर तिचं कारण आधी शोधायला हवं.

१. लक्षणं नीट पाहा. सुरुवातीला भूक मंदावते, मळमळतं, थकवा येतो. पुढे हातापायांना मुंग्या, पेटके. पातळी फारच घसरली तर आकडी येते, हृदयाचे ठोके चुकतात. अशा वेळी थेट रुग्णालय गाठा.

२. औषधांचा डबा उघडा. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच राहून जाते. पित्तासाठी ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू आहे का? अशी औषधं वर्षाहून जास्त घेतल्यास रक्तातलं मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच दिला होता. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही ते वाहून जातं. आटोक्यात नसलेला मधुमेह, दारू, जुनाट जुलाब हीही नेहमीची कारणं. मात्र चालू औषध मनाने बंद करू नका. यादी करून डॉक्टरांना दाखवा.

३. रक्त तपासा, पण अहवालावर विसंबू नका. शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, त्यातलं रक्तद्रवात एक टक्काही नाही. निम्म्याहून जास्त हाडांत. म्हणून अहवाल ठीक आला तरी साठा कमी असू शकतो. सोबत पोटॅशियम आणि कॅल्शियमही पाहायला सांगा. मॅग्नेशियम कमी असताना ही दोन्ही घसरतात, आणि ते भरून निघेपर्यंत नुसत्या पोटॅशियमच्या औषधाने हवा तसा फरक पडत नाही.

४. ताट बदला. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोज पुरुषांना ४४० आणि स्त्रियांना ३७० मिलिग्रॅम लागतं. पॉलिश केलेल्या तांदळात ते फारसं उरत नाही. बाजरी, ज्वारी, नाचणीची भाकरी, डाळी, पालेभाज्या आणि शेंगदाण्याचं कूट यांत भरपूर. लाल भोपळा चिरताना बिया टाकू नका: सोललेल्या, भाजलेल्या ३० ग्रॅम बियांत दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं.

५. गोळी डॉक्टरांनी दिली तरच. जास्त झाली तर जुलाब होतात. थायरॉइडचं औषध किंवा काही प्रतिजैविकं चालू असतील तर दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय एकही गोळी नको, कारण मॅग्नेशियम बाहेर न पडता रक्तात साठत जातं.