कॅटलिनाच्या इंजिनांसाठी कामाचा मंच कसा बांधावा

दुसऱ्या महायुद्धातील पीबीवाय-5ए कॅटलिना या उभयचर विमानाचा सुमारे 31.7 मीटर लांबीचा पंख धडाच्या वर एका रुंद खांबावर पेललेला आहे आणि दोन्ही इंजिने त्याच पंखावर बसवलेली आहेत. मुंबईत इमारतींच्या रंगकामासाठी उभारतात तशी परांची येथे निरुपयोगी ठरते, कारण तिचे आडवे पाइप प्रोपेलरच्या वाटेत येतात.

उंचीची मापे नकाशावरून न घेता विमानावरूनच घ्यावीत. इंधनाच्या टाक्या पंखात असल्याने त्या भरलेल्या असताना आणि रिकाम्या असताना विमान निरनिराळ्या उंचीवर बसते. म्हणून दोन्ही वेळा मोजून मंचाच्या पायांना स्क्रू जॅक (फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे आधार) द्यावेत.

कॅटलिनाच्या प्रत्येक ट्विन वॅस्प इंजिनात दोन ओळींत 14 सिलिंडर आणि एकूण 28 स्पार्क प्लग असतात, त्यामुळे मेकॅनिकला दोन्ही बाजूंनी पोहोचावे लागते. बाहेरच्या बाजूला चाकांचा मंच सरकवता येतो. आतल्या बाजूला मात्र धड आडवे येते. तेथे धडावर कोणताही भार न देता, दोन्ही कडांच्या पायांवर उभा राहणारा पूल बांधणे हाच मला योग्य मार्ग वाटतो. बंद असलेल्या इंजिनाच्या खालच्या सिलिंडरांत तेल साचत असल्याने सुरू करण्यापूर्वी प्रोपेलर हाताने फिरवावा लागतो, म्हणून त्याच्या फिरण्याच्या कक्षेत मंचाचा कोणताही भाग येऊ देऊ नये. (शॉर्ट संडरलँड या उडत्या नौकेत पंखाची पुढची कडच खाली उघडून उभे राहण्याची सोय होती, कॅटलिनाचा मंच बांधताना तिचा हेवा वाटतो.)

पंखाच्या मागील भागावर धातूऐवजी कापड ताणलेले आहे. तेथे गुडघा टेकला तरी ते फाटू शकते, म्हणून त्या बाजूचा मंच स्वतंत्र ठेवावा. कठडा सुमारे 1.1 मीटर उंच असावा. पाना खाली घसरून पत्र्यावर पडू नये म्हणून तळाशी उभी पट्टीही लावावी. विमानाकडील कडांना पाणी न शोषणारे रबर बसवावे, कारण खारट ओल धरणारा स्पंज आणि ॲल्युमिनियमला टेकलेले पोलाद दोन्ही गंजाला आमंत्रण देतात.

जुहूसारख्या समुद्रालगतच्या हँगरात नुसता रंग पुरत नाही, सांगाड्याला गरम जस्ताचा मुलामा द्यावा. त्यासाठी बंद पाइपांना आधीच छिद्रे पाडावीत. अन्यथा जस्ताच्या कुंडात आतली हवा व ओलावा तापून पाइप फुटू शकतो. तळाकडील छिद्रे पुढे पावसाळ्यात साचलेले पाणी बाहेर काढण्याच्याही कामी येतात.