प्लेसमेंट टेस्ट पुन्हा द्यायचीय? आधी एवढं जमवा

अमेरिकेतल्या कॉलेजने ॲक्युप्लेसर, म्हणजे कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट घेतली, गणितात खालच्या वर्गात टाकलं आणि आता आणखी एक संधी मागायचीय. माझंही हेच झालं होतं. मेल लिहायला बसण्याआधी स्कोअर रिपोर्ट नीट वाचा. या टेस्टमध्ये पास-नापास नसतं. २०० ते ३०० मधला आकडा येतो आणि कोणत्या आकड्याला कोणता वर्ग, ते कॉलेज ठरवतं. म्हणून ‘मला नापास केलं’ असं लिहू नका. मग टेस्टिंग सेंटरचा नियम शोधा: किती वेळा देता येते, मध्ये किती दिवस, फी किती. नियमातच दुसरी टेस्ट बसत असेल तर अपील कशाला, सरळ तारीख घ्या.

अपीलच करायचं तर बारावीचं मार्कशीट लागेलच, पण तिकडच्या माणसाला नुसत्या मार्कांवरून काय कळणार? बोर्डाच्या अभ्यासक्रमाची डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशनची पानं जोडा.

आता कारण. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला लागून यंत्रमाग. टेस्ट मी घरूनच ऑनलाइन देत होते, त्यात मध्येच लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा होता, दिवा होता, राउटर मात्र नव्हता! ऑनलाइन पर्यवेक्षकाशी झालेल्या चॅटचा स्क्रीनशॉट मी तारीख-वेळेसकट जोडला. पण निम्मी चूक माझीच होती. या टेस्टला वेळेचं बंधन नाही, तरी मी सीईटीच्या सवयीने पळत सुटले. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, हे माहीतच नव्हतं. ‘नंतर बघू’ म्हणून काहीतरी टिचकी मारून पुढे जात राहिले. उत्तरं चुकत गेली की पुढचे प्रश्नही सोपे येतात, म्हणजे आकडा वर चढायला वावच उरत नाही. हेही मी अर्जात लिहिलं. मला वाटतं, लाईटपेक्षा तेच जास्त पटलं असावं.

अर्ज दहा ओळींचा पुरे. ‘विनंती विशेष’, ‘आपली कृपाभिलाषी’ छापाचं इंग्रजी नको, घरच्या परिस्थितीचं रडगाणंही नको. तेव्हापासून काय अभ्यास केला ते मात्र लिहा. ही टेस्ट बनवणाऱ्या कॉलेज बोर्डाचा सराव ऑनलाइन फुकट मिळतो. अपूर्णांक आणि शाब्दिक उदाहरणं आधी घ्या, आपण गडबडतो तिथेच. स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, काही प्रश्नांना स्क्रीनवरच येतो, तेव्हा हाताने करायची सवय ठेवा.

उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे ९, कॅलिफोर्नियाला ९ वाजायला आपले रात्रीचे साडेनऊ. टेस्टिंग सेंटरला फोन त्या हिशेबाने करा.

आणि जागा बदला. मी दुसऱ्यांदा जुळे सोलापुरात मावशीकडे बसले. तिला आधीच बजावून ठेवलं होतं, चहा घेऊन आत यायचं नाही, कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं की टेस्ट थांबवतात. तरी बिचारी दोनदा दाराशी येऊन गेली.