व्हर्च्युअल मशीनमधील सामायिक डिस्कचे फेलओव्हर: आधी जुन्या नोडचे लेखन थांबवा

दोन व्हर्च्युअल मशीनना एकच डिस्क दिसावी, एका वेळी ती एकानेच वापरावी आणि ते मशीन पडले की दुसऱ्याने तिचा ताबा घ्यावा (यालाच फेलओव्हर म्हणतात), अशी ही रचना असते. ऐकायला सोपी वाटते. पण एक्स्टफोर किंवा एक्सएफएस या फाइल सिस्टिम डिस्क आपल्या एकट्याचीच आहे असे गृहीत धरून चालतात. दोन्ही नोडांवर, म्हणजे या दोन मशीनवर, ती एकदम माउंट झाली (वापरासाठी जोडली गेली), तर प्रत्येक नोड स्वतःच्या मेमरीतील नोंदींवर विसंबून लिहीत राहतो आणि डेटा बिघडतो, तोही बहुधा कोणतीही त्रुटी न दाखवता. त्यामुळे दुसऱ्या नोडवर डिस्क माउंट करणे हा कामाचा सोपा भाग झाला. पहिला नोड आता लिहूच शकत नाही याची खात्री करणे, हा खरा भाग. पुढील विवेचन लिनक्स, पेसमेकर (क्लस्टरमध्ये, म्हणजे नोडांच्या गटात, कोणती सेवा कुठे चालवायची हे ठरवणारे सॉफ्टवेअर) आणि कोरोसिंक (नोडांमधील संपर्क सांभाळणारे सॉफ्टवेअर) यांना धरून आहे.

सुरुवात हायपरवायझरपासून, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून करावी. केव्हीएम या लिनक्समधील हायपरवायझरवर सामायिक डिस्क साध्या रॉ स्वरूपाची असावी, क्यूकाऊटू या डिस्क-इमेज स्वरूपाची नव्हे. लिबव्हर्टच्या (मशीनची मांडणी सांभाळणाऱ्या साधनाच्या) व्याख्येत ती शेअरेबल म्हणून नोंदवावी आणि कॅशे ‘नन’ ठेवावा, अन्यथा एका यजमानाच्या (मशीन ज्यावर चालते त्या प्रत्यक्ष संगणकाच्या) कॅशेतील डेटा दुसऱ्याला दिसणार नाही. व्हीएमवेअरवर दोन्ही मशीन वेगवेगळ्या यजमानांवर असतील, तर स्कझी (डिस्क जोडण्याची प्रमाण पद्धत) कंट्रोलरचे बस शेअरिंग ‘फिजिकल’ निवडावे लागते आणि अशा डिस्कचे स्नॅपशॉट घेता येत नाहीत, म्हणून बॅकअपची सोय मशीनच्या आतून करावी. दोन्ही मशीन एकाच यजमानावर येणार नाहीत असा अँटी-अ‍ॅफिनिटी नियमही लावावा. तो नसेल तर यजमान पडताच दोन्ही नोड एकदमच जातात. डिस्कची ओळख एसडीबी, एसडीसी अशा नावांवरून कधीही ठरवू नये, कारण ही नावे रीबूटनंतर बदलू शकतात. डिस्कच्या कायम ओळखक्रमांकावर आधारलेला बाय-आयडी मार्ग वापरावा.

आता फेन्सिंग, म्हणजे संशयित नोडला डिस्कपासून सक्तीने तोडणे. एखादा नोड उत्तर देत नाही याचा अर्थ तो मेला असा नव्हे: त्याचे नेटवर्क तुटलेले असेल, किंवा हायपरवायझरने त्याला क्षणभर गोठवले असेल, आणि जागा होताच तो अर्धवट राहिलेले लेखन पूर्ण करू लागेल. म्हणूनच स्टोनिथ (पेसमेकरमधील फेन्सिंगची सोय) बंद करून क्लस्टर चालवण्याचा जो ‘झटपट उपाय’ सुचवला जातो, तो सामायिक डिस्क असताना सपशेल चुकीचा आहे. फेन्सिंगचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्यात फेन्स एजंट हायपरवायझरला सांगून ते मशीनच बंद करतो. दुसऱ्यात, म्हणजे फेन्स-स्कझीमध्ये, स्कझी-3 पर्सिस्टंट रिझर्व्हेशनचा आधार घेतला जातो: प्रत्येक नोड डिस्कवर स्वतःची की नोंदवतो आणि फेन्स करताना दोषी नोडची की काढून टाकली जाते, त्यामुळे त्याचे लेखन स्टोरेजच नाकारते. मशीन मात्र चालूच राहते; ते रीबूट करण्यासाठी वॉचडॉगची (बिघाड ओळखून मशीन रीबूट करणाऱ्या यंत्रणेची) जोड द्यावी लागते. केव्हीएमवर ही रिझर्व्हेशन मशीनच्या आतून चालण्यासाठी डिस्क ‘लन’ प्रकारची (स्टोरेजचे थेट एकक म्हणून) जोडून क्यूएमयू-पीआर-हेल्पर या सहायक प्रोग्रामची सोय करावी. हायपरवायझरच्या व्यवस्थापन नेटवर्कपर्यंत नोडांना भरवशाने पोहोचता येत असेल, तर मी पहिला मार्ग निवडेन. दोन्ही एकापाठोपाठच्या पातळ्यांवर ठेवता आले तर अधिक चांगले.

दोन नोडांच्या क्लस्टरमध्ये बहुमत कोणाचे हा प्रश्न सुटत नाही. कोरोसिंकची टू-नोड सोय त्यावर तडजोड करते, पण तिसऱ्या ठिकाणी क्यू-डिव्हाइस (बहुमतासाठी आणखी एक मत देणारी सेवा) ठेवणे अधिक सुरक्षित. कोरोसिंक 3.1 पासून टोकनची, म्हणजे नोडच्या प्रतिसादाची वाट पाहण्याची, मूळ मुदत 3000 मिलिसेकंद आहे. लाइव्ह मायग्रेशनमध्ये (चालू मशीन दुसऱ्या यजमानावर हलवताना) मशीन त्याहून अधिक काळ गोठत असेल, तर धडधाकट नोड फेन्स होतो. मायग्रेशनपूर्वी नोड स्टँडबायवर टाकावा (म्हणजे त्यावर सेवा चालणार नाहीत), किंवा मुदत मोजून वाढवावी.

डिस्कवर एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मांडणारी लिनक्सची व्यवस्था) असेल, तर एलव्हीएमच्या कॉन्फिगरेशनमध्ये सिस्टिम-आयडीचा स्रोत ‘यूनेम’ (नोडचे नाव) ठेवावा आणि व्हॉल्यूम ग्रुपचे स्वयंचलित सक्रियीकरण बंद करावे, म्हणजे बूट होताना नोड परस्पर ताबा घेणार नाही. सिस्टिम-आयडी हे कुलूप नव्हे, ती केवळ मालकीची पाटी आहे. फेन्सिंगची जागा ती घेऊ शकत नाही. नव्या वितरणांत एलव्हीएम डिव्हायसेस फाइल (वापरायच्या डिस्कची यादी) पाहते, तेव्हा डिस्क दुसऱ्या नोडच्या फाइलमध्येही नोंदवावी, नाहीतर ऐन वेळी त्याला व्हॉल्यूम ग्रुप दिसतच नाही. एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचे त्या यादीत) या फाइल सिस्टिमची ओळ ठेवू नये; माउंट करणे हे पेसमेकरचे काम.

पेसमेकरच्या रिसोर्स ग्रुपमध्ये (एकत्र हलणाऱ्या घटकांच्या गटात) क्रम असा लावावा: एलव्हीएम सक्रियीकरण, फाइल सिस्टिम, आयपी पत्ता आणि शेवटी सेवा. सुरू होताना हाच क्रम पाळला जातो, थांबताना उलटा. थांबण्याची मुदत उदारपणे द्यावी, कारण डेटाबेसला बंद व्हायला वेळ लागला आणि मुदत संपली, तर ते अपयश मानून पेसमेकर त्या नोडला फेन्स करतो. साधे नियोजित स्थलांतरही मग अपघातासारखे घडते. पहिला नोड परतताच सेवा त्याच्याकडे धावू नये यासाठी रिसोर्स-स्टिकिनेसला धन मूल्य द्यावे.

कोरोसिंक सेवा शिस्तीत थांबवून पाहणे ही चाचणी नव्हे, कारण तेव्हा नोड डिस्क नीट सोडून जातो. लेखन चालू असताना सक्रिय नोडचे क्लस्टर नेटवर्क तोडावे, दुसऱ्या वेळी सिसआरक्यूने (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीने) कर्नल पॅनिक घडवावे आणि दोन्ही वेळा लॉगमध्ये क्रम तपासावा: फेन्सिंग यशस्वी झाल्याची नोंद आधी, माउंटची नंतर. हा क्रम उलटा दिसला, तर सेवा वेळेत उभी राहिली असली तरी चाचणी नापास समजावी. हाताने रिसोर्स हलवून पाहिला असेल, तर जुन्या पीसीएसमध्ये (पेसमेकर चालवण्याच्या आज्ञा-साधनात) मागे राहणारी स्थान-मर्यादा, म्हणजे सेवा कोणत्या नोडवर असावी हा नियम, काढून टाकावी; ती राहिली, तर पुढच्या खऱ्या बिघाडानंतर नोड परत येताच सेवा पुन्हा त्याच्याकडेच ओढली जाते.