फॉग लाइट घेताय? आधी काच वाचा, मग उंची मोजा

फॉग लाइट घ्यायची म्हटली की बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात, वॅट किती आणि उजेड किती लांब जातो. पण धुक्यात लांब फेकलेला उजेड काही कामाचा नाही हो. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब, अप्पर मारला की उजेड त्यांच्यावर आपटून आपल्याच डोळ्यात परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते, ज्याने एकदा बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. फॉग लाइटचा उजेड खाली, रस्त्याला धरून, दोन्ही बाजूंना रुंद पसरलेला आणि वरच्या बाजूला सुरीने कापल्यासारखा बंद झालेला पाहिजे. ही वरची कापलेली रेघ नसेल तर तो फॉग लाइट नाहीच, बंपरवर लावलेला साधा फोकस आहे, आणि तो समोरच्याला आंधळा करतो.

म्हणून घेताना खोक्यावरचे आकडे सोडा आणि दिव्याची काच वाचा. युरोपियन पद्धतीच्या मंजुरीत काचेवर गोलात ई अक्षर आणि त्याला लागून एक आकडा असतो, तो आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा, १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. त्याच्याजवळ जुन्या प्रकारच्या पुढच्या फॉग लाइटवर बी असतं, नव्यावर एफ३. अमेरिकन पद्धतीत एसएई आणि पुढे एफ, त्यांचं मानक जे५८३. नुसतं ई दिसलं म्हणून खूश होऊ नका, शेजारचं अक्षरही बघाच, कारण ई हा शिक्का रिव्हर्स लाइटवर पण असतो आणि डीआरएलवर, म्हणजे दिवसा चालू राहणाऱ्या दिव्यांवर पण. काचेवर काहीच कोरलेलं नसेल तर तो दिवा कितीही स्वस्त मिळाला तरी परत ठेवा.

आता एलईडी बल्बचं. हॅलोजनच्या फॉग लाइटमध्ये एच११ किंवा एच८ प्रकारचा मूळ बल्ब काढून तिथे एलईडी बल्ब घालणारे खूप आहेत. रिफ्लेक्टर बनवलेला असतो फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी, चिप एखाद-दोन मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाली तरी ती वरची रेघ विस्कटते, आणि दिव्याची मंजुरी त्या ठरावीक बल्बसकट असते, त्यामुळे सहसा कायद्यातही बसत नाही. एलईडीच हवा असेल तर एलईडीसाठीच बनवलेला पूर्ण मंजूर दिवा घ्या, तो उत्तम चालतो. आणि पिवळा का पांढरा? दोन्ही मान्य आहेत. पिवळा उजेड धुकं भेदून जातो हे मात्र खरं नाही, धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. काहींच्या डोळ्यांना पिवळा कमी टोचतो, तेवढ्यासाठी घ्यायचा तर जरूर घ्या.

जागा ठरवताना टेप घेऊन बसा. कारसाठी युरोपियन नियमात दिव्याची खालची कड जमिनीपासून किमान २५० मिलिमीटर, वरची कड जास्तीत जास्त ८०० मिलिमीटर, आणि दिव्याची बाहेरची कड गाडीच्या कडेपासून ४०० मिलिमीटरच्या आत. हेडलाइटच्या डिपरपेक्षा वर तर अजिबात नको, म्हणजे छतावर किंवा बोनेटवर फॉग लाइट हा विषयच नाही. तुमच्या देशाचा नियम एकदा बघून घ्या, आकडे थोडे वेगळे असू शकतात.

वायरिंग रिलेवरूनच करा, रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर, एवढा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून नेला तर स्विच वितळायला वेळ लागत नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून १५ अँपिअरचा फ्यूज, तो बॅटरीपासून वीतभर अंतरात, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून दोन्ही दिव्यांना, ८५ अर्थला, आणि ८६ ला स्विचमधून येणारी वायर. त्या स्विचला सप्लाय पार्किंग लाइटवरून द्या, म्हणजे पार्किंग लाइट बंद केली की फॉग लाइट पण आपोआप बंद, नियम पण हेच मागतो. केबिनमधून वायर काढताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट घालाच, नाहीतर पत्रा हळूहळू वायर कापतो.

अर्थिंगकडे जास्त लक्ष द्या. माझा एक दिवा काही महिन्यांनी लुकलुकायला लागला, बल्ब बदलला, रिले बदलला, काही फरक नाही, शेवटी अर्थच्या थिंबलचा, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीचा, बोल्ट उघडला तर थिंबलखाली पत्र्याचा रंग जसाच्या तसा आणि कडेने तपकिरी गंज चढलेला. रंग पॉलिश पेपरने खरवडून पत्रा चकचकीत केला, बोल्ट घट्ट केला, वरून ग्रीस लावलं, तेव्हापासून एकदाही त्रास नाही.

आता अलाइनमेंट, आणि अर्धे लोक इथेच सोडून देतात. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं, आणि गाडी भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा, समजा ५० सेंटिमीटर आली, तर भिंतीवर ३५ सेंटिमीटरवर खडूने आडवी रेघ मारा. एका दिव्यावर जाड कापड टाका, दुसऱ्याची वरची कापलेली कड त्या रेघेवर येईपर्यंत स्क्रू फिरवा, मग कापड त्याच्यावर टाकून पहिल्याचंही तसंच करा. १० मीटरला १५ सेंटिमीटर उतार म्हणजे उजेडाची वरची कड साधारण ३३ मीटरवर रस्त्याला टेकते, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत चढत नाही. आठवडाभर गाडी चालवून परत एकदा याच भिंतीसमोर उभी करा, कारण ब्रॅकेटचे नट खड्ड्यांनी हमखास ढिले होतात आणि दिवा मान वर करतो.

मागचा लाल फॉग लाइट असेल तर तो ब्रेक लाइटपासून किमान १०० मिलिमीटर लांब पाहिजे, नाहीतर ब्रेक दाबलेला मागच्याला कळत नाही. आणि धुकं विरळ झालं, मागच्या गाडीचे दिवे आरशात स्वच्छ दिसायला लागले, की तो लगेच बंद करा, साध्या पावसात तर लावूच नका, मागच्याच्या डोळ्यांना फार त्रास होतो त्याचा.