फोटोतला हेअरकट गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कसा उतरवायचा

गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं, ‘असाच कट मारा’ म्हणतं आणि कारागीर लगेच मशीन उचलतो. काम बिघडतं ते तिथेच. फोटोत कटशिवाय बरंच काही असतं: दिव्यांचा उजेड, ताजं ब्लो-ड्राय, वॅक्स, कधी कधी जोडलेले केससुद्धा. २००२च्या फुटबॉल विश्वचषकात डेव्हिड बेकहॅमच्या डोक्यावर जो उभा तुरा होता, तसला तुरा निम्मा कात्रीचा असतो आणि निम्मा वॅक्सचा. सकाळी केसांना नुसता कंगवा फिरवून बाहेर पडणाऱ्या माणसाला तो कितीही नेमका कापून द्या, दुसऱ्या दिवशी तो ओळखू येणार नाही.

म्हणून आधी फोटो वाचा. समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो मागा. एकाच फोटोवर काम घेऊ नका. मग अंगठ्याने फोटोतला वरचा भाग झाका आणि विचारा, ‘बाजू अशा हव्यात?’ नंतर बाजू झाकून वरच्या भागाबद्दल विचारा. बहुतेकांना आख्खा कट नको असतो. कानाजवळची सावली, कपाळावर येणारी बट किंवा पुढची उंची, यातलं एकच काहीतरी आवडलेलं असतं. ते सापडलं की निम्मं काम झालं.

लांबी पुरत नसेल तर स्पष्ट सांगा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. फोटोत वर १० सेंटिमीटर असतील आणि गिऱ्हाइकाचे ५ असतील, तर चार-पाच महिने लागणार. तोवर बाजू आवरून द्या, वरच्या केसांची फक्त टोकं घ्या.

केस कोरडे असतानाच भोवरा, कपाळावरची केसांची रेघ, विरळ जागा आणि जुने व्रण पाहून घ्या. पाणी मारलं की केसांची मूळ ठेवण लपते.

आता खरी अवघड गोष्ट: बाजूचा फेड, म्हणजे खाली अगदी बारीक आणि वर जाताना हळूहळू लांब होत जाणारे केस. फोटोतला फेड कानापासून किती बोटं वर जातो हे मोजून तो तसाच्या तसा मारणं ही सगळ्यात मोठी चूक आहे. कान प्रत्येकाचे वेगळ्या उंचीवर असतात, कवटी तर प्रत्येकाची वेगळीच. मोजायचं ते डोक्याच्या वळणापासून. कंगवा डोक्याच्या बाजूला सपाट, उभा टेकवा. ज्या जागी कवटी कंगव्यापासून सुटते, तिथे वळण सुरू होतं. फोटोतला फेड या वळणाच्या किती खाली संपतो ते पाहा आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर तेवढंच अंतर ठेवा. मशीन वळणाच्या वर नेऊ नका. तिथे २ नंबरचा गार्ड (मशीनवर बसवायचा कंगवा; नंबर मोठा तसे केस लांब राहतात) फिरला की वरचे केस टेकायला आधार उरत नाही, ते छपरासारखे बाहेर झुकतात आणि महिनाभर काहीच करता येत नाही.

पहिली रेघ गार्ड न लावता, लिव्हर (मशीनच्या बाजूचा दांडा; बंद असला की केस सगळ्यात बारीक, उघडला की थोडे लांब) बंद ठेवून, अगदी हलक्या हाताने घ्या. मशीन दाबलं की रेघ कोरली जाते आणि पुढचा अर्धा तास ती पुसण्यात जातो. त्यावर लिव्हर उघडून दोन सेंटिमीटरभर पट्टा. मग आधी २ नंबर, म्हणजे ६ मिलिमीटर, वळणाच्या खालपर्यंत. आणि त्यानंतर मधल्या पट्ट्यात १ नंबर, म्हणजे ३ मिलिमीटर. मोठ्या गार्डकडून लहानाकडे या. उलट क्रमाने गेलात तर लहान गार्ड किती उंच न्यायचा याचा अंदाज चुकतो, आणि कापलेलं परत चिकटवता येत नाही.

१ आणि २च्या मधे काळी पट्टी राहते, तिथे बहुतेकांचा हात घसरतो. पट्टी दिसली की लोक १ नंबर आणखी वर नेतात. त्याने पट्टी जात नाही, नुसती वर सरकते. करायचं असं: १ नंबरचा गार्ड ठेवा, लिव्हर पूर्ण उघडा आणि ब्लेडच्या फक्त कोपऱ्याने पट्टीवर काम करा. हात सरळ वर न नेता, चमच्याने दही काढावं तसा बाहेरच्या बाजूला वळवत सोडा. मग लिव्हर अर्धा बंद करून पट्टीच्या खालच्या अर्ध्यातच पुन्हा तेच. दर दोन हातांनंतर ब्रशने केस झटका; सुटे केससुद्धा पट्टीसारखे दिसतात.

आणि प्रत्येक काळी जागा म्हणजे पट्टी नव्हे. कानामागच्या खळग्यात गार्ड कातडीला नीट टेकत नाही, म्हणून तिथे केस लांब राहून गडद दिसतात. तिथे कान पुढे दुमडा, कातडी ताणा आणि ब्लेडचा कोपरा वापरा. डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर याच्या उलट होतं: तोच नंबर फिका दिसतो. तिथे अर्धा नंबर जास्त ठेवा. सगळीकडे एकच नंबर फिरवून सगळीकडे एकच सावली मिळेल, अशी आशा धरू नका.

चेहरा गोल असेल तर बाजू बारीक आणि वर उंची. चेहरा लांब असेल तर कातडीपर्यंतचा उंच फेड टाळा, बाजूंना ६ ते १० मिलिमीटर राहू द्या. फोटोतल्या माणसाचा चेहरा कसा आहे, याने इथे काही फरक पडत नाही.

वरचे केस ओले करून, बोटात धरून, टोकांत कात्री उभी घालून कापा. भोवऱ्याजवळ एक सेंटिमीटर जास्त सोडा, नाहीतर तिथे केस उभे राहतील. कुरळे केस वाळल्यावर आखडतात, म्हणून ते शक्यतो कोरडेच कापा. थिनिंगची, म्हणजे केस विरळ करणारी दातेरी कात्री मुळाशी कधीही लावू नका: तिथले आखूड खुंट वरच्या केसांना ढकलतात आणि आठवड्याभरात डोकं फुगलेलं दिसतं. केसाच्या मध्यापासून टोकाकडे दोन-तीन वेळा पुरे.

कल्ले आणि मानेची रेघ ट्रिमरने.

शेवटी केस धुऊन, वाळवून, वॅक्स न लावता पुन्हा पाहा. धुतल्यावर केस आपल्या मूळ दिशेला बसतात आणि आधी लपलेली पट्टी हमखास वर येते, बहुतेक वेळा कानामागेच. ती काढा, मागचा आरसा दाखवा आणि कातडीपर्यंतचा फेड दोन आठवड्यांत पुसट होतो हे गिऱ्हाईक खुर्चीत असतानाच सांगून टाका.