केमिकल सेन्सिटिव्हिटी असेल तर फरशी निवडताना या चुका टाळा

गोंदाच्या, रंगाच्या किंवा परफ्यूमच्या नुसत्या वासाने ज्यांचं डोकं जड होतं, छाती भरून येते, दोन-दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही, त्यांच्यासाठी फरशी हा सजावटीचा विषय नसतो. सोफा सोसला नाही तर बाहेर काढता येतो. फरशी सोसली नाही तर माणसालाच घर सोडावं लागतं. म्हणूनच पुढच्या चुका पुन्हा पुन्हा होताना बघवत नाहीत.

चूक पहिली: टाइल तपासली, टाइलखालचं तपासलंच नाही

सगळ्यात जास्त घरं याच चुकीने बिघडतात. सिरॅमिक किंवा पोर्सिलेन टाइल हजार अंश सेल्सिअसच्या वर भाजलेली असते. तिच्यात वास सोडण्यासारखं काही उरत नाही. पण फरशी म्हणजे एकटी टाइल नव्हे. खाली प्रायमर (पकड देणारा पहिला थर), त्यावर चिकटवायचा माल, सांध्यांत ग्राउट (सांधे भरायचा मसाला) आणि वरून सीलर (डाग-पाणी अडवणारा लेप), असे सगळे थर मिळून फरशी होते.

घडतं ते असं. घरातले महिना-दोन महिने शोधून टाइल पक्की करतात. तिचा तुकडा उशाशी ठेवून झोपून बघतात, काही त्रास होत नाही. कामाच्या दिवशी कारागीर बादलीतली तयार पेस्ट घेऊन येतो, कारण पावडर कालवण्यात वेळ जातो. साठ सेंटिमीटरच्या दाट टाइलखाली ती पेस्ट दाबली जाते. ही पेस्ट पाणी उडूनच वाळते. वर टाइल पाणी सोडत नाही, खाली स्लॅब फारसं ओढत नाही, वाट उरते ती फक्त तीन मिलिमीटरच्या सांध्यांची. कडा वाळतात, मधला भाग आठवडेच्या आठवडे ओला राहतो. मग डाग पडू नयेत म्हणून इपॉक्सी ग्राउट येतं. त्याचे दोन भाग नेमक्या मापात मिसळावे लागतात. दिवस संपत आला की उरलासुरला माल अंदाजाने मिसळला जातो, तो नीट आळत नाही, आणि हार्डनरमधली अमाइन्स नावाची उग्र रसायनं मोकळी राहतात. शेवटी चकाकीसाठी सॉल्व्हंटवालं सीलर फिरवलं जातं. आठ दिवसांनी घरातलं माणूस आजारी पडतं आणि सगळे बिचाऱ्या टाइलला दोष देतात.

उपाय साधा आहे, पण त्याला चिकाटी लागते. बादलीतली पेस्ट घ्यायचीच नाही. कोरडी, सिमेंटची, पाण्यात कालवायची पावडर घ्यायची. पाणी शोषणारी सिरॅमिक टाइल असेल तर साध्या सिमेंटच्या मसाल्यावर भागतं. पोर्सिलेन ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही, त्यामुळे साधा मसाला तिला नीट धरत नाही. तिथे पॉलिमर मिसळलेली पावडर लागते आणि ती आधी तपासावी लागते. ग्राउट सिमेंटचंच घ्या. साधं, पॉलिमर नसलेलं ग्राउट भरल्यावर तीन दिवस हलकं ओलं ठेवा, म्हणजे ते घट्ट होतं आणि भुगा सुटत नाही. टाइलला सीलर लागत नाही. सांधे मळतील, ते घासता येतात. प्रत्येक मालाचं नाव कागदावर लिहून द्या, 'बदली माल चालणार नाही' हे वेगळं लिहा, आणि पिशवी फोडण्याआधी स्वतः किंवा घरच्या कुणी तरी लेबल वाचा. 'सगळीकडे हेच वापरतो' हे उत्तर ऐकून मान डोलावू नका.

नैसर्गिक दगड म्हणजे निर्धोक, हा समजही याच चुकीचं भावंड. संगमरवर आणि ग्रॅनाइटच्या बऱ्याच लाद्यांच्या भेगा रेझिनने भरलेल्या असतात, पाठीला जाळी इपॉक्सीने चिकटवलेली असते. लादी उलटी करून बघा.

चूक दुसरी: नमुना दुकानात हुंगून निर्णय घेणं

दुकानात शंभर वास असतात आणि नाक पाच मिनिटांत सरावतं. शिवाय बऱ्याच जणांना त्रास दुसऱ्या दिवशी उमटतो. तरी लोकांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं असतं. जी फरशी वीस वर्षं पायाखाली राहणार, तिला तीन आठवडे द्या.

काचेच्या दोन सारख्या बरण्या वॉशिंग सोड्याने धुऊन कडक वाळवा. एकीत दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा ठेवा, दुसरी रिकामीच बंद करा. दोन्ही चोवीस तास उबदार जागी ठेवा. रिकाम्या बरणीलाही वास आला तर दोष झाकणाच्या रबराचा. चाचणी पुन्हा करा. पहिल्यांदा बरणी त्रास नसलेल्या माणसाने उघडावी. त्याला तीव्र वास आला तर तो माल तिथेच बाद. नाही आला तर त्रास असलेल्या व्यक्तीने मोकळ्या हवेत, हातभर अंतरावरून एकदाच वास घ्यावा आणि ४८ तास थांबावं. ज्यांना दम्याचा झटका येतो किंवा घसा सुजतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

हे सोसलं तर फूटभर तुकडा तीन रात्री उशाशी ठेवा. त्या दिवसांत नवा साबण, नवी चादर, काही नवं नको. दोन नमुन्यांमध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या. चिकटवायचा माल, ग्राउट आणि पॉलिश यांचीही अशीच चाचणी हवी: काचेच्या तुकड्यावर कामात असेल तेवढ्याच जाडीने पसरा, पुरतं वाळू द्या, मग बरणीत ठेवा. शेवटी खऱ्या मालाने फूटभर फरशी एका सुट्या बोर्डावर बसवा आणि तीही उशाशी ठेवून बघा. चाचणी ज्या लॉटची, खरेदीही त्याच लॉटची.

चूक तिसरी: 'लो व्हीओसी' वाचून निश्चिंत होणं

व्हीओसी म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं. डब्यावरचा आकडा लिटरमागे किती ग्रॅम द्रावक आहे ते सांगतो; खोलीच्या हवेत काय उतरतं ते सांगत नाही. व्हीओसी मोजण्याचे नियम मुळात बाहेरच्या धुरक्यासाठी केलेले असल्याने ॲसिटोनसारखी काही द्रावकं अमेरिकेच्या मोजणीतून वगळलेली आहेत. विक्रेत्याकडे बंद चेंबरमधल्या उत्सर्जन चाचणीचा अहवाल मागा. लाकडी बोर्डावरच्या 'ई-१' या युरोपीय दर्जाखुणेचा अर्थ फॉर्माल्डिहाइड (डोळे-घसा झोंबवणारा वायू) हवेत साधारण ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.१ भाग) आत, एवढाच, शून्य नव्हे.

चूक चौथी: ओल्या स्लॅबवर व्हिनाइल

काँक्रीटचा ओलावा अल्कलीयुक्त असतो. तो व्हिनाइलमधल्या प्लास्टिसायझरचं (प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या रसायनाचं) आणि ॲक्रिलिक गोंदाचं विघटन करतो, त्यातून टू-इथाइल हेक्झॅनॉल नावाचं अल्कोहोल सुटतं आणि खोलीला गोडसर, उग्र वास धरतो. ओल आहे तोवर हे थांबत नाही, खिडक्या कितीही उघडा. बहुतेकदा फरशी उचलावी लागते, आणि वास स्लॅबमध्येही मुरलेला असतो. नव्या स्लॅबला दर इंच जाडीमागे महिनाभर वाळू द्या. मग अठरा इंचांचा चौकोनी प्लास्टिक कागद चारी बाजूंनी टेपने बंद करून किमान सोळा तास ठेवा. खाली दव दिसलं किंवा काँक्रीट गडद झालं तर थांबा. दिसलं नाही तरी खोलवर ओल असू शकते; काँक्रीटच्या आतली ओल मोजणाऱ्या प्रोबने मोजून घेणं चांगलं. तीव्र त्रास असलेल्यांनी मऊ व्हिनाइल टाळलेलंच बरं.

आणखी काही, थोडक्यात

लॅमिनेटच्या गाभ्यातल्या लाकडी बोर्डात बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. उष्णता आणि दमटपणाने तो फुटून फॉर्माल्डिहाइड सोडत राहतो, म्हणून वास 'महिनाभरात जाईल' हे खरं नाही.

लिनोलियम नैसर्गिक आहे, पण त्यातलं जवसाचं तेल हवेशी संयोग होऊन आल्डिहाइड्स ही वासाची रसायनं सोडतं. पाइनच्या लाकडात टर्पीन्स, म्हणजे उडून जाणारी वासाची द्रव्यं, असतात. 'नैसर्गिक' हा शब्द शरीराला कळत नाही.

लाकूड घ्यायचंच असेल तर कारखान्यात यूव्ही (अतिनील) किरणांनी पक्कं केलेल्या पॉलिशचं घ्या आणि खिळ्यांनी बसवा. खाली डांबरी कागद घालू देऊ नका.

गालिचा नकोच. धूळ आणि इतर वस्तूंचे वास धरून ठेवण्यात त्याच्याइतकं पटाईत काही नाही.

जुनी फरशी उखडताना, विशेषतः नऊ इंची जुन्या टाइल आणि काळा गोंद दिसला तर, ॲस्बेस्टॉसची तपासणी होईपर्यंत हात लावू नका.

वास घालवायला ओझोन मशीन लावणं हा तर घातक शॉर्टकट. ओझोन लाकडातल्या, गालिच्यातल्या रसायनांशी संयोग पावून नवं फॉर्माल्डिहाइड तयार करतो आणि स्वतःही फुप्फुसांना इजा करतो. पंखे लावा, खिडक्या उघडा, कपडे आणि गाद्या त्या खोलीतून आधीच हलवा, कारण कापड वास शोषून नंतर हळूहळू सोडतं. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातला साधा कोळशाचा फिल्टर फॉर्माल्डिहाइड फारसा पकडत नाही. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेटचा थर असलेला लागतो.

काम संपल्यावर सिमेंटचा पांढरा थर काढायला कारागीर ॲसिड आणि सुगंधी क्लीनर काढतील. तेही आधीच कागदावर बंद करा. कोमट पाणी, ब्रश आणि दोन-तीन वेळा पुसणं पुरतं. प्रत्येक पिशवीच्या लेबलाचा, लॉट नंबरचा फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक मालाचा एकेक तुकडा वेगळ्या बंद बरणीत जपा. पुढे त्रास झाला तर नेमका कोणता थर दोषी आहे हे त्या बरण्यांवरून शोधता येतं, सगळी फरशी उखडावी लागत नाही.